आठ रुपयांत काय येतं?

सहा महिने ते सहा वर्षं वयाच्या मुलाच्या अंगणवाडीतल्या एका दिवसाच्या पूरक आहारासाठी सरकारनं ८ रुपये धरले. तीव्र कुपोषित मूल असेल तर १२. निम्मे केंद्राचे, निम्मे राज्याचे. हा दर २०१७ साली ठरला. त्यानंतर तेल, तूरडाळ, गॅस कुठल्या कुठे गेले, दर मात्र जागचा हलला नाही. २०२५च्या अर्थसंकल्पी भाषणात तो वाढवू असं जाहीर झालं, म्हणजे तो तोकडा आहे हे दिल्लीलाही कळून चुकलं होतं. इतक्या पैशांत ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात म्हटलं होतं. एक अंडं सहा-सात रुपयांना पडतं आणि त्यात प्रथिनं असतात सहा ग्रॅम. पुढचा हिशेब वाचकांनीच आपल्या किराणा यादीवर मांडून पाहावा.

ही योजना काही काल-परवाची नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ला देशातल्या ३३ ठिकाणी सुरू झाली. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत, महाराष्ट्रात १ लाख १० हजारांच्या घरात. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिनं मागणी केली की तीन महिन्यांत ती द्यायची, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २००६चा आदेश आहे. गरिबाच्या मुलाचा घास ही मेहेरबानी नसून हक्क आहे, हे त्यानंतर वेगळं सांगायची गरज पडू नये. पडते.

कुठल्याही अंगणवाडीत सकाळी डोकावा. मदतनीस खिचडीकडे बघतेय, सेविकाताई एका हातानं बडबडगीतांचे हातवारे करतेय, दुसऱ्या हातात रजिस्टर. वजनाचा दिवस असेल तर दंड मोजायची पट्टी बाहेर निघते. डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध. पट्टीवर हिरवा, पिवळा, लाल असे तीन रंग. घेर साडेबारा सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर हिरवा, साडेअकराच्या खाली गेला की लाल. म्हणजे दंडाची जाडी जेमतेम पावणेचार सेंटीमीटर. लाल आलेल्या मुलाला आधी भूक लागते का ते बघायचं, मग डॉक्टर, मग गरजेप्रमाणे ग्राम बालविकास केंद्र किंवा पोषण पुनर्वसन केंद्र. हे सगळं आईला समजेल असं सांगायचं, शिवाय मोबाइलवर पोषण ट्रॅकरमध्ये भरायचं. २०२५च्या जुलैपासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा ओळखायची अटही आली. आहाराचा दर २०१७चा, पडताळणीचं तंत्र मात्र अगदी ताजं! या सेविका कामगार नव्हेत, ‘मानसेवी’. म्हणून त्यांना पगार नसतो, मानधन असतं. ते वाढावं म्हणून राज्यातल्या सेविका-मदतनीस ४ डिसेंबर २०२३पासून ५२ दिवस संपावर होत्या.

‘घरी न्यायच्या आहाराची पाकिटं म्हशींना घालतात,’ हा आक्षेप नेहमी येतो. काही ठिकाणी तो खराही आहे. बेचव पिठाचं पाकीट मूल खात नाही, आई तरी काय करणार? त्यावरचा इलाज गावातल्याच बाईच्या हातचं गरम, ताजं जेवण हा आहे. योजना गुंडाळणं हा नव्हे. आदिवासी भागातल्या अमृत आहार योजनेत हेच तत्त्व आहे. तिथं गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण मिळतं, मुलांना अंडी किंवा केळी.

पैसे आणि लक्ष दोन्ही दिलं तर फरक पडतो, हे महाराष्ट्रानंच दाखवलं आहे. बालमृत्यूंवरून गदारोळ झाल्यावर २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं. पहिल्या हजार दिवसांवर भर दिला गेला, रिकामी पदं भरण्याचा नेट लावला गेला. पुढच्या सात वर्षांत दोन वर्षांखालच्या मुलांमधलं खुजेपणाचं प्रमाण निदान एक तृतीयांशानं घटलं. सगळं श्रेय एकट्या मिशनचं नाही, पण ते नसतानाही असंच झालं असतं, असं म्हणणं धाडसाचं ठरेल. पुढे जोर ओसरला. पाच वर्षांखालच्या मुलांमधला खुजेपणा २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३४.४ टक्के होता, २०१९-२१च्या पाहणीत ३५.२. श्रीमंत राज्य म्हणवणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचावेत.

असं का होतं? मुलांना मत नसतं. लाडक्या बहिणीला महिन्याला दीड हजार मिळतात आणि ते मिळायलाच हवेत. पण तिच्याच मुलाच्या आहाराचे महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर होतात २०० रुपये. जानेवारी २०२५मध्ये शालेय पोषण आहारातल्या अंड्याचा खर्च राज्यानं थांबवला आणि शाळांना लोकवर्गणीचा रस्ता दाखवला. कर्मचाऱ्यांना महागाई भत्ता आहे. खासदारांचं वेतन २०१८पासून महागाई निर्देशांकाला जोडलेलं आहे. शाळेतल्या आहाराचा दरही भाववाढ बघून अधूनमधून वाढतो. मग अंगणवाडीतल्या तीन वर्षांच्या पोराचाच दर तेवढा अर्थसंकल्पी भाषणाची वाट बघत का बसावा? तोही निर्देशांकाला जोडा आणि दर वर्षी आपोआप वाढू द्या. मागणी एवढीच आहे.

तो निर्णय दिल्ली-मुंबईत व्हायचा. एक गोष्ट मात्र गावाच्या हातात आहे. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नाचे दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. पुढच्या ग्रामसभेत उभं राहून विचारा, गेल्या वर्षी ते कशावर गेले?