पासवर्ड कुणाकडे?

गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई यंदा मे अखेरीस निवृत्त झाल्या. शाल झाली, श्रीफळ झालं, एका पाठोपाठ एक वक्ते ‘डिजिटल क्रांती’ म्हणून गेले. जून उजाडला आणि त्याच वाचनालयाचा जुना डिजिटल संग्रह उघडेनासा झाला. चौकशी केली तर कळलं की सर्व्हरचा पासवर्ड फक्त बाईंना ठाऊक होता. बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, “मी लिहून ठेवलेला हो, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला.” ते कपाट बाईंच्या आधीच भंगारात गेलं होतं.

वाचनालयाचं नाव लिहीत नाही. मये गावात राहून शेजाऱ्यापाजाऱ्यांशी आणखी एक भांडण नको. पण त्या संग्रहाचं सॉफ्टवेअर निवडणाऱ्या समितीवर मी होतो, आणि समितीचे जे सभासद समारंभात पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते त्यांतल्या काहींचा हिशेब चुकता करायचा राहून गेला आहे.

गोव्यातल्या ग्रंथालयांवर लिहायचं तर 1832 पासून सुरुवात करायची पद्धत आहे. त्या वर्षी व्हाइसरॉय दों मान्युएल द पोर्तुगाल ई कास्त्रो यानं पणजीत ‘पुब्लिका लिव्रारिया’ काढली. पुढे ती वास्को द गामा संस्थेकडे गेली, मुक्तीनंतर मध्यवर्ती ग्रंथालय झाली, पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातली दृश्यं रंगवलेल्या निळ्या फरश्यांच्या इमारतीत अनेक वर्षं नांदली. 1993 चा ग्रंथालय कायदा आला. मग पाटोवर नवी इमारत उभी राहिली आणि तिला सोळाव्या शतकातल्या ग्रंथकार कृष्णदास शामाचं नाव मिळालं. हे सगळं दर ग्रंथालय सप्ताहात कोणी ना कोणी वाचून दाखवतोच, म्हणून इथेच सोडतो.

मयेकरांना जुन्या कागदांचं वेड का, ते मात्र सांगायला हवं. आमचा गाव पोर्तुगीज काळात एका काउंटच्या मालकीचा. 1961 साली गोवा मुक्त झाला, मालक पोर्तुगालला गेला, आणि 1964 च्या कायद्यानं गाव निर्वासित मालमत्ता म्हणून सरकारच्या ताब्यात आला. बाकीचा गोवा मुक्त होऊन आपापल्या घराची डागडुजी करत होता तेव्हा मयेकर स्वतःच्या घराला खोली वाढवायला सरकारी कस्टोडियनची परवानगी मागत होता. 2014 साली मालकी रद्द करणारा कायदा झाला तेव्हा कुठे सनदांची भाषा सुरू झाली. मधल्या पन्नास वर्षांत आजोबा-पणजोबांच्या नावाचा एखादा पोर्तुगीज कागद, बोलेतींतली म्हणजे राजपत्रातली एखादी नोटीस, एखादं आफोरामेंत म्हणजे कायमपट्टा मिळेल या आशेनं इथली माणसं पणजीची बस पकडत राहिली. त्यामुळे ‘जुनं सगळं संगणकावर बघता येईल’ असं कोणी म्हटलं की मयेत माणसं वाचनाच्या आवडीनं पुढे सरत नसत, गरजेनं सरत.

ते म्हटलं गेलं 2004 च्या आसपास. तिथून पुढची दहा वर्षं मी जवळून पाहिली.

पहिली काही वर्षं समितीला हेच समजावण्यात गेली की पुस्तकांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर वेगळं आणि पुस्तकाची पानंच वाचायला देणारं वेगळं. कोहा, ई-ग्रंथालय, सोल ही पहिल्या जातीची. आम्हाला हवं होतं दुसऱ्या जातीचं. तेव्हा आमच्यापुढे फुकट आणि खुली अशी दोनच नावं आली होती, न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठाचं ग्रीनस्टोन आणि एमआयटी व एचपी यांनी 2002 मध्ये आणलेलं डीस्पेस. तिसरा पर्याय नेहमीचाच: एक एजन्सी, तिचं स्वतःचं सॉफ्टवेअर, रंगीत माहितीपत्रक आणि बैठकीला काजूची पाकिटं.

समितीतल्या एका विद्वानांनी डीस्पेसचा हट्ट धरला. कारण काय, तर दोनापावलच्या समुद्रविज्ञान संस्थेनं तेच घेतलंय. घेतलंय हे खरं होतं, आणि तिथे ते उत्तम चाललं. पण तिथे संगणक विभाग होता. डीस्पेसला खाली पोस्टग्रेस हवं, टॉमकॅट हवं, जावा हवं, आणि हे सगळं रुसलं की समजूत काढणारा माणूस हवा. आमच्याकडे बाई होत्या आणि अर्धा दिवस येणारा शिपाई होता. शेजाऱ्याचं सॉफ्टवेअर बघून आपलं ठरवू नये, त्याच्या पगारपत्रकावर कोण आहे ते आधी बघावं, हे मी तेव्हाही बोललो होतो. इतिवृत्तात ते ‘साधकबाधक चर्चा झाली’ एवढ्यावर आटोपलं.

ग्रीनस्टोन साध्या विंडोजच्या संगणकावर बसे. युनेस्कोनं त्याच्या प्रसाराला हात दिला होता, तो नेमक्या आमच्यासारख्या ठिकाणांसाठी. आख्खा संग्रह सीडीवर उतरवून ज्या गावात इंटरनेट नाही तिथे पाठवता येई. पावसाळ्यात दिवसातून चार वेळा वीज जाणाऱ्या तालुक्याला याहून काय हवं? तरी ते ठरायला दोन वर्षं लागली. फुकटच्या वस्तूचं बिल येत नाही, आणि बिल नसलं की आपल्याकडे पुष्कळांना त्या वस्तूचा भरवसा वाटत नाही.

मग काम सुरू झालं, आणि ते काम म्हणजे बाई. ग्रीनस्टोनच्या पडद्यावर टॅब असत, गॅदर, एनरिच, डिझाइन, क्रिएट. बाईंचा संसार एनरिचमध्ये. तिथे प्रत्येक दस्तऐवजाचं शीर्षक, कर्ता, तारीख, विषय, भाषा भरायची. डब्लिन कोअर नावाच्या जागतिक पद्धतीत असे पंधरा रकाने आहेत. ते भरून झाले की क्रिएटमध्ये जाऊन ‘बिल्ड’ दाबायचं. चार पानं नवीन घातली तरी सगळा संग्रह पुन्हा बांधायचा. संग्रह वाढला तसा तो बांधायला दुपार लागू लागली, आणि मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. बाई बिल्ड लावून डबा उघडत.

खरी परीक्षा मराठीनं घेतली. वाचनालयाची जुनी यादी श्रीलिपी या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली. ती इकडे चिकटवली तर नुसता कचरा, म्हणजे आख्खी यादी युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करणं आलं. ते झाल्यावर अकारविल्हे लावलं, तर युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये बसलेला. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्या पुढे. त्यामुळे शिवरामपंत परांजप्यांचा ‘काळ’ ‘काव्या’च्या आधी येऊन बसला. ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, यंत्राला दिसतो, आणि एका तऱ्हेनं शोधलं तर दुसऱ्या तऱ्हेचं सापडत नाही. गावांची नावं ही आणखी वेगळी व्याधी. मये आणि मयें, डिचोली आणि दिवचल, साखळी आणि सांखळी, आणि पोर्तुगीज कागदांत प्रत्येकाचं रोमी रूप दर शतकात बदलणारं. बाईंनी यासाठी दोनशे पानी वही घातली. डावीकडे गावाचं एक ठरवलेलं नाव, उजवीकडे त्याची कागदोपत्री सापडलेली सगळी रूपं, कोणतं कुठे सापडलं त्याच्या खुणेसह. लाल शाईत आडनावं. त्या वहीमुळे आमच्या संग्रहात ‘डिचोली’ शोधलं की पोर्तुगीज नोटिसाही निघत. पुढे लाखांची निविदा निघालेल्या सॉफ्टवेअरला हे आजवर जमलेलं नाही.

एजन्सीवाले गप्प नव्हतेच. सॉफ्टवेअर गेलं तर स्कॅनिंगचं काम त्यांनी पटकावलं. ठरलं होतं ते असं: मूळ प्रत टिफमध्ये, दाट स्कॅन, आणि वाचकांसाठी हलकी पीडीएफ. हातात आल्या फक्त पीडीएफ. टिफ कुठे विचारलं तर “सर, ते जागा फार खातात, आम्ही डिलीट केले.” समितीनं हे ऐकून घेतलं. एक सभासद तर म्हणाले, वाचायला येतंय ना, मग झालं. त्या वेळी मराठी पानं वाचू शकणारं ओसीआर हाताशी नव्हतं, त्यामुळे नुकसान कुणाला कळलंच नाही. 2018 साली टेसेरॅक्ट या खुल्या ओसीआरची चौथी आवृत्ती आली आणि छापील मराठी बऱ्यापैकी वाचली जाऊ लागली. पण जुन्या खिळ्यांची छपाई, त्यात पीडीएफ पिळून बारीक केलेली. अनुस्वार कुठला आणि कागदावरचा डाग कुठला ते यंत्रानं कसं ओळखायचं?

2012 च्या सप्टेंबरात, बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर राज्यानं खाणी बंद केल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानंही थांबवल्या. डिचोलीत त्याचा अर्थ काय ते बाहेरच्याला कळायचं नाही. ट्रक थांबले, गॅरेजं थांबली, हप्ते थकले. धूळ बसली म्हणून मयेत माणसं हायसंही वाटून घेत होती आणि रडतही होती. वाचनालयाला मिळणाऱ्या देणग्यांत खाणीचा पैसा कुठे ना कुठे असायचाच, तो आटला. स्कॅनिंगला बाईंच्या मदतीला ठेवलेल्या पोराला नको म्हणावं लागलं. तो संग्रह त्यापुढे वाढला नाही. बाईंनी तो जिवंत ठेवला एवढंच, तेही स्वतःच्या वेळात.

हे फक्त आमच्याच कर्मी आलं असं नाही. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया हा केवढा मोठा घाट होता! बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, अमेरिकेतलं कार्नेगी मेलन, लाखो पुस्तकांचं स्वप्न. मराठी पुस्तकंही त्यात ढिगानं होती, फक्त त्यांची शीर्षकं अशा मोडक्या रोमी लिपीत की लेखकाला स्वतःचं पुस्तक सापडू नये. स्वामित्वहक्काच्या तक्रारींत ते संकेतस्थळ बंद पडलं. खुल्या माहितीचे अमेरिकी कार्यकर्ते कार्ल मॅलमूड आणि मंडळींनी त्याआधी पुस्तकं उतरवून इंटरनेट आर्काइव्हवर टाकली होती, म्हणून आज ती वाचता येतात. सरकारी योजनेतला माल परदेशातल्या काही माणसांमुळे तगला. मोठ्यांची ही गत, तर आमच्या एका संगणकाला कोण विचारतो?

आता त्या वाचनालयात नवं सॉफ्टवेअर येऊ घातलंय. वर्षाचं भाडं, माल दुसऱ्याच्या सर्व्हरवर. पान उलटताना खरखर आवाज येतो, आणि बाईंच्या निरोप समारंभात त्याचंच कौतुक जास्त झालं. मराठीत शोध लागत नाही. पान उतरवून घेता येत नाही. आयआयटी खरगपूरची राष्ट्रीय डिजिटल लायब्ररी लहान-मोठ्या संग्रहांच्या नोंदी ज्या पद्धतीनं आपसूक गोळा करते, त्या पद्धतीला या सॉफ्टवेअरचं दार बंद. ग्रीनस्टोनला ते दार जुन्या काळापासून होतं. भाडं थकलं तर काय होतं, असं मी विक्रेत्याला विचारलं. तो हसून म्हणाला, “थकू देऊ नका ना, सर.”

निविदेची प्रत मागून घेतली. प्रशिक्षण आहे, बोधचिन्ह कुठे यावं ते आहे, संचालकांचा संदेश पहिल्या पानावर यावा असंही आहे. करार संपल्यावर फायली आणि नोंदी वाचनालयाला परत कोणत्या रूपात द्यायच्या, त्याबद्दल एक ओळ नाही. बाईंची वही त्यांच्या घरी आहे. ती मागायला अजून कोणी गेलेलं नाही. मी समितीला लेखी पत्र दिलं: आधी जुन्या संगणकाची डिस्क काढून तिची प्रत करा, मग वही आणा, मग करारात परतीचं कलम घाला, आणि हे होईपर्यंत सही करू नका. उत्तर आलं की विषय पुढच्या बैठकीत घेऊ. बैठक चवथीनंतर आहे, आणि विषयपत्रिकेवर पहिला विषय उद्घाटनाला कोणाला बोलवायचं हा आहे.