प्रश्न ग्रुपवर टाकला, उत्तर गेलं कुठे? मुक्त सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी चर्चेची सोय कशी लावावी

सुरत : महिन्याची २० तारीख. दरमहा जीएसटीआर-३बी भरणाऱ्यांसाठी शेवटचा दिवस. समजा, उधना किंवा लिंबायतच्या एखाद्या कापड पेढीतला हिशेबनीस अडकलाय. जॉबवर्कला पाठवलेल्या मालाचं चलन सॉफ्टवेअरमधल्या बिलाशी जुळत नाही. तो व्हॉट्सॲप ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकतो, ‘कुणी सांगेल का?’ पाठोपाठ शुभ सकाळचे फोटो आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात, प्रश्न वर सरकतो. खरं तर याच प्रश्नाचं उत्तर तीन महिन्यांपूर्वी कुणीतरी दिलेलं असतं. पण ते सापडत नाही.

विचारायचं कुणाला?

विकतचं सॉफ्टवेअर अडलं की डीलरला फोन लावता येतो. मुक्त सॉफ्टवेअरचा कोड सर्वांना खुला असतो. ते कुणीही वापरावं, बदलावं. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे असंच सॉफ्टवेअर. त्याच्या जीपीएल परवान्यात कोणतीही हमी नसल्याचं स्पष्ट लिहिलेलं असतं. पैसे मोजून सेवा घेता येते. ज्यांना ते परवडत नाही, त्यांना आधार इतर वापरकर्त्यांचाच. ही रीत जुनी आहे. २५ ऑगस्ट १९९१ रोजी लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सची पहिली वर्दी दिली, तीही मिनिक्स वापरणाऱ्यांच्या चर्चागटात, ‘तुम्हाला काय हवं?’ असं विचारतच.

दारं वेगळी, कामं वेगळी

वापरकर्त्यांचं बोलणं साधारण चार प्रकारचं असतं : ‘हे कसं करायचं’, ‘हे बिघडलंय’, ‘ही सोय हवी’ आणि ‘नवी आवृत्ती आली’. पहिल्याचं उत्तर दुसरा वापरकर्ता देऊ शकतो. बिघाड मात्र कोड लिहिणाऱ्यापर्यंत पोहोचावा लागतो. म्हणून ईआरपीनेक्स्टचे प्रश्न चर्चामंचावर विचारले जातात, तर बिघाडांची नोंद गिटहबवर होते. लिब्रेऑफिसमध्येही प्रश्नांसाठी ‘आस्क लिब्रेऑफिस’ आणि बिघाडांसाठी ‘बगझिला’ आहे.

इथे एक गफलत नेहमी होते. ईआरपीनेक्स्टमध्ये भारतातल्या जीएसटीचं काम ‘इंडिया कम्प्लायन्स’ हे वेगळं ॲप करतं. ई-इन्व्हॉइसची तक्रार मूळ सॉफ्टवेअरच्या वहीत नोंदवली, तर ती चुकीच्या दारात पडते. कोणती तक्रार कुठे, हे चार ओळींत लिहून ग्रुपच्या माहितीत लावलं तरी बराच त्रास वाचतो.

व्हॉट्सॲप बंद करायचं का?

नाही. माणसं तिथेच आहेत. पण ग्रुपात जास्तीत जास्त १०२४ जण मावतात, नव्या सदस्याला जुनी चर्चा आपोआप दिसत नाही आणि ती गूगलवर शोधून मिळत नाही. त्यामुळे ग्रुपवर हाक मारावी, उत्तर मात्र खुल्या जागी लिहावं आणि त्याची लिंक ग्रुपवर टाकावी.

सुरुवातीलाच दहा ग्रुप काढण्यातही अर्थ नाही. तीस माणसांना प्रश्नोत्तरांची एक जागा आणि सूचनांचा एक फलक पुरे. एकाच विषयाची गर्दी वारंवार होऊ लागली, की मगच तो विषय वेगळा काढावा. अ‍ॅडमिन किमान दोघे हवेत. एक सुरतला, एक नवापूर किंवा नंदुरबारला असला तरी चालेल. एकट्या अ‍ॅडमिनने नोकरी सोडली किंवा नंबर बदलला, की सगळा ग्रुप वाऱ्यावर.

मराठीत विचारलं तर?

सुरतेत घरी अहिराणी, शाळेत मराठी, शेठशी गुजराती आणि सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजी, अशी कितीतरी जणांची कसरत असते. इंग्रजी चर्चेत प्रश्न विचारायचा संकोच वाटतो. शिवाय छापील बिलावर ‘ळ’ किंवा ‘ऱ्या’ फुटला, तर तो आपल्यालाच कळणार. परक्या डेव्हलपरला दिसणारही नाही. त्यामुळे मराठी चर्चेची जागा गरजेची आहे. मात्र तिथला बिघाड इंग्रजीत मूळ प्रकल्पापर्यंत पोहोचवणारा एक तरी माणूस हवा. नाहीतर ‘ळ’ पुढच्या आवृत्तीतही फुटेल.

प्रश्न टाकताना

सॉफ्टवेअरची आवृत्ती, काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे लिहावं. चूक दाखवणारा मजकूर फोटोऐवजी कॉपी करून टाकावा, म्हणजे तो शोधता येतो. स्क्रीनशॉट टाकलाच, तर पार्टीचं नाव, जीएसटी क्रमांक आणि बँक खातं झाकावं. ती माहिती ग्राहकाची आहे, ग्रुपची नाही.

आणि काम झालं की, ‘सुटलं, असं केलं’ ही ओळ आठवणीने लिहावी. बहुतेक जण नेमकी तीच विसरतात. पुढच्या २० तारखेला दुसऱ्या पेढीत कुणी अडकला आणि त्याला ती ओळ सापडली नाही, तर तो कंटाळून विकतच्या सॉफ्टवेअरची चोरीची कॉपी टाकून मोकळा होतो.