कुपनावरचा मजकूर

गिरणगावातला कामगार कोकणात मनीऑर्डर धाडी, तेव्हा फॉर्मवर रक्कम, नाव, गाव यांचे रकाने छापलेलेच असत. घरच्यांचे डोळे मात्र खालच्या कुपनाकडे. 'पाच रुपये पोराच्या फीचे' हे तिथेच लिहायचे. पोस्टाला त्याच्याशी कर्तव्य नव्हते. मजकूर जसाच्या तसा पोचवला की झाले. आम्हाला सांगायचे आहे ते या कुपनाविषयीच; फक्त पोस्टाच्या जागी आता संगणक आहेत.

एका संगणकाने दुसऱ्याकडे काम मागायचे, तर मागणीचे रकाने ठरलेले असतात. त्या ठरावाला एपीआय म्हणतात. ती मागणी दर वेळी हाताने मांडावी लागू नये म्हणून कंपन्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना तयार सामग्री देतात, ती एसडीके. कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीसच म्हणा ना! छापील रकाने तो बिनचूक भरतो. त्याबाहेरचे काही सांगितले की अडतो.

आम्ही हे ठेच लागून शिकलो. २०२१ साली आमच्या संघटनेने वर्गणी फोनवरून घ्यायला सुरुवात केली. एका सभासदाने आपल्या फोनवरून सहा सोबत्यांची वर्गणी भरली. पैसे आले, पण कोणाचे, ते आले नाही. सभासद क्रमांक सोबत पाठवायचे आमच्याच प्रोग्रॅमात राहून गेले होते. सहाजणांची नावे मतदारयादीतून गळाली. नेमाने वर्गणी भरणाऱ्यांना थकबाकीदार ठरवले गेले, आणि तेही आमच्या हातून.

वास्तविक अशी जागा ठेवलेली असते. रेझरपेच्या एपीआयमध्ये 'नोट्स' आहे : जास्तीत जास्त १५ जोड्या, प्रत्येकी २५६ अक्षरांपर्यंत. 'सभासद क्रमांक' हे नाव आणि तो आकडा, ही झाली एक जोडी. स्ट्राइपमध्ये हिलाच 'मेटाडेटा' म्हणतात. तिथे ५० जोड्या चालतात. कंपनी त्यांचा अर्थ लावीत नाही, नुसत्या सांभाळते. तिथे आधार क्रमांक किंवा कोणाचे दुखणे मात्र लिहू नये. कुपन पोस्टमनही वाचतो.

दुसरा प्रकार नाजूक आहे. कधी आपला शब्द समोरच्याने नुसता सांभाळायचा नसतो, पाळायचा असतो. ओपनएआयच्या पायथन भाषेतील एसडीकेने व्हीएलएलएम या खुल्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या, मजकूर लिहून देणाऱ्या यंत्राकडेही मागणी धाडता येते. पुढचा शब्द किती पर्यायांतून निवडायचा, तो 'टॉप के' नावाचा आकडा त्या यंत्राला कळतो. एसडीकेच्या चॅटच्या रकान्यांत तो नाही. सरळ दिला, तर पायथन तिथल्या तिथे चूक दाखवते. 'एक्स्ट्रा बॉडी' या जागेत दिला, तर एसडीके तो न तपासता मागणीत मिसळून पुढे धाडते. न तपासता, हे ध्यानात असू द्यावे. हिज्जे चुकले तरी अर्जनवीस बोलणार नाही, आणि अनोळखी रकाना पलीकडचे यंत्र मुकाट्याने गाळूही शकते. कागद स्वीकारला जातो, कलम पाळले जात नाही. मालकांशी करार करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही.

आता आमच्याकडे परत आलेला क्रमांक वहीशी ताडून मगच पावती फाडतात. त्या सहाजणांची नावे यादीत पुन्हा चढली. पण त्या निवडणुकीतले त्यांचे मत गेले ते गेलेच.