कापाकापी न केलेली तीन मिनिटं

पहाटे ५.३०

रात्री चार्जिंगला लावलेले दोन कॅमेरे आधी काढतो, मग तोंड धुतो. एक सायकलच्या हँडलला, एक सीटखाली मागं तोंड करून. लावण्याआधी दोन्हींचं घड्याळ बघायचं. या छोट्या कॅमेऱ्यांची बॅटरी पार उतरली की काहींचं घड्याळ आरंभीच्या तारखेवर जाऊन बसतं आणि चित्राच्या कोपऱ्यात खुशाल भलतंच साल छापत राहतं. माझा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. तिथं तारखेची पंचाईत कुणाला नसते, मुहूर्त सगळ्यांना पाठ असतो. रस्त्यावरची तक्रार घेऊन गेलं की पोलीस ठाण्यात मात्र पहिला सवाल तोच: कधी, किती वाजता, कुठं?

मग मेमरी कार्ड. कॅमेरा तीन-तीन मिनिटांचे तुकडे पाडत रेकॉर्ड करतो आणि कार्ड भरलं की सगळ्यांत जुना तुकडा पुसून त्यावर नवा लिहितो. काही घडलं आणि तो तुकडा वेळेत बाजूला काढला नाही, तर पुढच्या फेरीत गेलाच म्हणून समजा. आई चहा देता देता म्हणते, "नवऱ्यामुलाची मिरवणूक काढतोस का रे सायकलवरून?" मी हेल्मेटचा पट्टा आवळतो.

सकाळी ६.१५

कर्नाटकातल्या राजेश्वरातून हुमनाबादला दुकानावर जायचं तर रस्ता हाच, पुण्याहून सोलापूर, उमरगा, हैदराबाद करत मछलीपट्टणमला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५. जुनी माणसं अजून त्याला नऊ नंबरच म्हणतात. सोलापूरची एमएच १३, धाराशिवची एमएच २५, बीदरची केए ३८, कलबुर्गीची केए ३२, तेलंगणाच्या जुन्या गाड्यांवर टीएस आणि २०२४ पासूनच्या नव्या गाड्यांवर टीजी. तीन राज्यांच्या पाट्या एकाच डांबरावर.

बाहेरच्याला वाटतं, सायकलवाल्याला भीती मागून येणाऱ्या कंटेनरची. ती आहेच. पण छातीत धस्स होतं ते बहुतेक वेळा समोरून येणाऱ्यामुळं. रस्ता चौपदरी झाला, दुभाजकातून वळायच्या जागा लांब गेल्या. मग जीप, मोटरसायकली, हंगामात उसाचे ट्रॅक्टर, सगळे सरळ राँग साईडनं निघतात. आणि चालतात कुठून, तर ज्या कडेच्या पट्टीवरून आम्ही सायकली हाणतो तिच्यावरूनच.

आजचंच घ्या. समोरून वडापची जीप, दोन्ही दिवे लावून, माझ्याच पट्टीवर. मागून ट्रकचा हॉर्न. जीपवाल्यानं डिपर मारला, म्हणजे 'तू उतर'. मी उतरलो, मुरमात चाक सरकलं, आणि ट्रक हात लांब केला असता तर लागला असता इतक्या अंतरावरून गेला. जीपचा नंबर मी मोठ्यानं उच्चारला, पुढच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडाही. हे वेडेपण नव्हे. चित्र हललं तरी माईक शाबूत असतो.

सकाळी ७.३०

हुमनाबादला शिरताना टपरीवर चहा, आणि फोनवर दोन्ही कॅमेऱ्यांचं फुटेज. मी पूर्वेकडं चाललो होतो. पुढं गेलेल्या ट्रकची मागची पाटी सावलीत, त्यामागं सूर्य. पाटीच्या जागी काळा चौकोन. मागच्या कॅमेऱ्याचं तोंड पश्चिमेला, तिकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या तोंडावर ऊन, त्यामुळं त्याच ट्रकची पुढची पाटी लख्ख. समोरून आलेली जीप मला ओलांडून गेली तेव्हा तिची मागची पाटीही याच कॅमेऱ्यानं टिपली, पण हललेली. अक्षरं ओळखू येतात, शेवटचा आकडा ३ की ८ ते चित्र थांबवून थांबवून बघावं लागतं. माझ्या आवाजात '३' ऐकू येतो. पाचव्या चित्रात तोच दिसतो.

ट्रक मात्र चित्रात चांगला लांबून गेल्यासारखा दिसतो. या कॅमेऱ्यांची भिंग रुंद कोनाची, ती अंतर फुगवून दाखवतात. अंगाला वारा लागला होता तो चित्रात येत नाही. शिवाय नीट बघितलं तर ट्रकवाला आपल्या लेनमध्ये आहे, त्याच्या उजव्या हाताला दुसरी गाडी आहे, ब्रेकचे दिवेही लागलेत. राग ट्रकवर आला होता. तक्रार जीपवर करायची. कॅमेरा लावल्याचा पहिला उपयोग हा, की आपण कुणावर चिडलो आणि चूक कुणाची, या दोन गोष्टी वेगळ्या होतात.

सकाळी ९.३०

दुकान उघडलं. संगणकावर कालच्या लग्नाची हळद उघडी आहे. वरमाईचं रडणं दोन सेकंद लांबवायचं, मामांचा फोनवर बोलतानाचा भाग उडवायचा, मागं सनई टाकायची. पैसे मिळतात ते कापण्याचे.

तक्रारीचं फुटेज याच टेबलावर येतं, पण तिथं कात्री लागली की माल नासला. तुकडा कापायचा नाही, उजळायचा नाही, पाटीभोवती लाल गोल काढायचा नाही, फोनवरून व्हॉट्सअॅपनं स्वतःला पाठवायचा नाही. तिथं तो दाबून लहान होतो आणि दुसरीच फाईल तयार होते. कार्डावरून जशीच्या तशी प्रत घ्यायची, कार्ड पाकिटात घालून वर तारीख टाकायची आणि दुसरं कार्ड वापरायला काढायचं. मग फाईलची हॅश काढायची. फाईलमधला प्रत्येक अंश धरून संगणक आकड्या-अक्षरांची एक ओळ काढतो. एक ठिपका जरी बदलला तरी ओळ पूर्ण बदलते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातल्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात ही हॅश लिहावी लागते. प्रमाणपत्राचे भाग दोन: पहिला ज्याच्या ताब्यात यंत्र त्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. हे प्रकरण कोर्टात उभं राहील तेव्हाचं. तयारी मात्र आजच.

त्या तीन मिनिटांत मी शिंकतो, एका कुत्र्याला हाड् म्हणतो, जीपवाल्याला जे बोललो तेही आहे. राहू द्यायचं. आपल्याला लाजवणारं काढलं, की समोरचा वकील विचारणार, अजून काय काढलं?

सकाळी ११.००

ठाणं. बेंगळुरूत वाहतूक पोलिसांचं अॅप आहे, फोटो टाकला की तक्रार गेली. ते बेंगळुरू शहरापुरतं. इथं अर्ज, तोही कन्नडमध्ये. मी मराठी शाळेत शिकलेला. बोलायला अडत नाही, लिहायला शेजारच्या झेरॉक्सवाल्या अण्णांची मदत घेतो. अर्ज अर्ध्या पानाचा ठेवायचा: तारीख, वेळ, गावाच्या कोणत्या बाजूला, कोणत्या दगडाजवळ, गाडीचा नंबर, काय झालं. 'बेजबाबदार', 'माजोरडा' हे शब्द घालायचे नाहीत. सोबत पेनड्राइव्ह, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच.

दगडाचा आकडा का, तर हद्द. तेवढ्यावरून कोणत्या ठाण्याचं काम ते ठरतं. गाडी सोलापूरची असो की जहीराबादची, गुन्हा जिथं घडला तिथलं ठाणं. पाटी कोणत्या राज्याची यानं तक्रार सरहद्दीपलीकडं जात नाही. चहाच्या टपरीवर 'महाराष्ट्राची गाडी, आता काय होणार' म्हणणाऱ्यांना हे सांगून माझं तोंड दुखलं.

हवालदारसाहेब तीन मिनिटं पूर्ण बघतात. उलट्या दिशेनं गाडी चालवणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, धोकादायक चालवण्याच्या व्याख्येत नावानिशी आलं आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पण माझ्या कॅमेऱ्यावरून थेट ई-चलन निघत नाही. २०२१ च्या नियम १६७-अ प्रमाणे चलन काढणारा कॅमेरा सरकारनं बसवलेला आणि प्रमाणित केलेला लागतो. त्याची नोटीस १५ दिवसांत जावी लागते. माझा व्हिडिओ ही पोलिसांना दिलेली खबर. त्यावरून ते कलम १३३ खाली मालकाला विचारू शकतात, 'त्या वेळी चालवत कोण होतं?' आणि मालकाला सांगावं लागतं. कॅमेऱ्याला गाडी दिसते, चेहरा क्वचित. गाडीपासून माणसापर्यंतचा रस्ता या कलमातून जातो.

दुपारी १.३०

डबा उघडून बसलो की दुकानात गप्पा रंगतात, आणि कुणीतरी हमखास म्हणतं, "व्हिडिओ कोर्टात चालत नाही." त्यांना मी जालन्याचा खटला सांगतो. २०१४ च्या विधानसभेला अर्जुन खोतकर कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा २९६ मतांनी निवडून आले. वाद गेला कोर्टात: खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर? निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण पुराव्यात आलं, आणि प्रमाणपत्राशिवाय ते चालेल का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. जुलै २०२० मध्ये उत्तर आलं: प्रत दिली तर प्रमाणपत्र हवंच, मूळ यंत्रच घेऊन त्याचा मालक साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला तर त्याची गरज नाही. साक्ष कायदा तेव्हा जुना होता, पण आज देशभर जो कुणी मोबाईलचा व्हिडिओ पुराव्यात देतो, त्याच्या वाटेत जालन्याचा हा खटला येतोच. म्हणून माझं मूळ कार्ड पाकिटात.

इंग्लंडात हे काम बरंच पुढं गेलंय. लंडनमध्ये माइक व्हॅन अर्प नावाचा सायकलस्वार फोनवर बोटं चालवत गाडी हाकणाऱ्यांना कॅमेऱ्यात पकडतो. त्याच्या चित्रीकरणावरून सिनेदिग्दर्शक गाय रिची यांना २०२० मध्ये सहा महिने गाडी चालवायला बंदी झाली. माइकचे वडील २००६ मध्ये झिंबाब्वेत दारू प्यालेल्या चालकाच्या गाडीखाली गेले. वेस्ट मिडलंड्सच्या पोलिसांनी २०१६ पासून साध्या वेषात सायकलवर शिपाई पाठवले आणि जवळून घासून जाणाऱ्यांना थांबवून, जमिनीवर अंथरलेल्या चटईवर दीड मीटर म्हणजे किती ते दाखवलं.

आपल्याकडं दिल्लीत २०१५ ला आणि गोव्यात २०१७ ला 'ट्रॅफिक सेंटिनेल' योजना आल्या: नागरिकानं नियमभंगाचे फोटो पाठवायचे, गुण जमवायचे, बक्षीस घ्यायचं. दिल्लीत २०२४ मध्ये तीच 'ट्रॅफिक प्रहरी' नावानं आली, महिन्याचं पहिलं बक्षीस ५०,००० रुपये. मला बक्षिसाची ही वाट पटत नाही. गुणांसाठी फोटो काढणाऱ्याला बिनहेल्मेटचा म्हातारा शेतकरी सोपा सापडतो. ताशी ऐंशीनं उलटा येणारा जीपवाला कठीण.

दुपारी ४.००

शाळा सुटल्यावर मास्तर आले. तेही सायकलवर, पुढं कॅमेरा. "हे बघ, कारवाल्यानं कट मारला." बघितलं. "सर, तुम्ही हात न दाखवता उजवीकडं आलात." सर चष्मा पुसतात. पुन्हा बघतात. "हे पाठवू नये म्हणतोस?" "पाठवा, पण मग ते आधीचं मिनिटही पाठवा." सर फाईल पुसून टाकतात आणि हळदीचा व्हिडिओ बघत बसतात.

नंतर एक शेतकरी काका. बैलगाडीला मागून उसाची ट्रॉली घासली, भाच्यानं मोबाईलवर घेतलंय. ट्रॅक्टरला नंबर आहे, तो ट्रॉलीच्या आड. मागच्या दोन ट्रॉल्यांना पाटीच नाही, रिफ्लेक्टर नाही, नुसती उसाची भिंत. अर्धा तास चित्र पुढं-मागं केलं. वळणावर ट्रॅक्टरचं तोंड क्षणभर दिसतं, तिथं चार आकडे मिळाले, पुढची अक्षरं नाहीत. काकांना सांगितलं, ट्रॉली कोणत्या कारखान्याकडं वळली ते भाच्याला विचारा. गेटवर वजनाची नोंद होते. पोलिसांनी त्या नोंदी मागितल्या तर चार आकडे पुरतात.

संध्याकाळी ६.३०

परतीची वेळ, अंधार. या वेळी फुटेजकडून फारशी आशा धरत नाही. २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाट्या सक्तीच्या, त्या प्रकाश परतवतात. माझा दिवा जवळच्या पाटीवर पडला की कॅमेऱ्याला पांढरा पट्टा दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात नुसते हेडलाईट. म्हणून रात्री भर कॅमेऱ्यावर नाही: परावर्तक जाकीट, मागं लुकलुकणारा लाल दिवा, आणि समोरून उलटी गाडी दिसली की आधीच थांबून खाली उतरणं. तक्रार उद्या करता येते. त्यासाठी उद्या असावं लागतं.

रात्री ९.३०

जेवण झालं, कार्डं रिकामी करतोय. ज्यात काही घडलं नाही ते सगळं पुसतो. रस्त्यावरच्या बायाबापड्यांचे चेहरे घरात साठवून करायचं काय? तेवढ्यात शेजारचा पोरगा आला. कॉलेजला सायकलवर जातो, नवा कॅमेरा घेतलाय.

"दादा, आज एकानं दार उघडलं अंगावर. मस्त क्लिप आहे. नंबर दिसतोय, तोंडपण दिसतंय. गाणं लावून इन्स्टाला टाकू?"

"गाणं लावलंस की आवाज गेला. आवाज गेला की तू ओरडलेला गेलास. आणि ज्याचं तोंड दाखवशील त्याला गाव आजच शिक्षा देऊन मोकळं होईल, ठाण्याला काम उरणार नाही."

"मग करू काय?"

"कार्ड काढ. पाकीट दे तिकडचं. वर आजची तारीख, वेळ, जागा लिही. आणि ती क्लिप सुरू होण्याआधीची तीन मिनिटंसुद्धा ठेव."

"त्यात तर काहीच नाही, दादा. मी नुसता सायकल चालवतोय."

"तेच ठेव. तू नीट चालवत होतास, हे त्याच्याशिवाय कुठं दिसणार?"