वृषणाच्या गाठीत पांढऱ्या पेशी कशाला येतात?

गोंदिया जिल्ह्यात पुरुषाच्या अंडकोषाला सूज आली की घरात पहिलं नाव निघतं ते हत्तीरोगाचं. त्यात चूक काही नाही. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर हा पट्टाच हत्तीरोगाचा आहे. क्युलेक्स डासामार्फत शिरलेला जंत लसिकावाहिन्यांत ठाण मांडतो, वृषणाभोवती पाणी साचतं आणि हायड्रोसील होतं. पण 'सूज म्हणजे हायड्रोसीलच' हा समज तरण्या मुलाच्या जिवावर बेतू शकतो.

वृषणाचा कर्करोग भारतात दुर्मीळ आहे. वर्षाला लाख पुरुषांत एकाहूनही कमी. नॉर्वे-डेन्मार्कमध्ये हेच प्रमाण दहाच्या आसपास. दुर्मीळ म्हणूनच तो कुणाच्या मनात येत नाही. तो बहुतेक 15 ते 40 या वयात गाठतो. गाठ टणक असते आणि बहुधा दुखत नाही. हायड्रोसीलमधून बॅटरीचा उजेड आरपार जातो, गाठीतून जात नाही. तरी या घरगुती परीक्षेवर विसंबू नये, कारण गाठीभोवतीही पाणी साचू शकतं. सालेकसा असो वा अर्जुनी मोरगाव, पंचविशीतल्या मुलाला अशी सूज आली तर आधी सोनोग्राफी झालीच पाहिजे. सुई टोचून पाणी काढणं त्यानंतरचं. वृषणाची लसिका पोटात खोलवर, मूत्रपिंडाजवळच्या लसिकाग्रंथींकडे जाते आणि अंडकोषाच्या कातडीची जांघेकडे. त्या कातडीतून सुई टोचली तर कर्करोगाला नवी वाट मिळू शकते. म्हणून शस्त्रक्रियाही जांघेतून करतात आणि अख्खं वृषण काढून मग तपासतात.

त्या तपासणीच्या अहवालावरून दुसरा गोंधळ सुरू होतो. सेमिनोमा या प्रकारात गाठीच्या पेशींमधून लिम्फोसाइट्सचे, म्हणजे पांढऱ्या पेशींचे थवे दिसतात. काही वेळा क्षयरोगात असतात तसे ग्रॅन्युलोमाही, म्हणजे पेशींचे घट्ट पुंजकेही, दिसतात, कधी इतके दाट की कर्करोगाच्या पेशी त्यांच्याआड झाकल्या जातात. 'ग्रॅन्युलोमा म्हणजे टीबी' असं धरून औषधं सुरू केली तर मोलाचे महिने जातात. शंका असेल तिथे विशेष रंजकद्रव्यांनी तपासणी करून घ्यावी.

'पांढऱ्या पेशी आहेत म्हणजे शरीर लढतंय, प्रतिकारशक्ती वाढवली की झालं' हा समज मला सर्वांत घातक वाटतो. शुक्रजंतू वयात आल्यावर तयार होतात, तोवर रोगप्रतिकार यंत्रणेची आपलं-परकं ओळखण्याची शिकवणी बरीचशी उरकलेली असते. तिने त्यांना शत्रू समजू नये म्हणून वृषणाच्या नलिकांतल्या सर्टोली पेशी घट्ट जोडल्या जाऊन भिंत उभी करतात, आणि वृषणातल्या मॅक्रोफेज पेशी एरवी वातावरण शांत ठेवतात. कर्करोगात हा बंदोबस्त मोडतो आणि टी-पेशी, बी-पेशी या लिम्फोसाइट्स आत लोटतात. पण त्यांतल्या काही टी-पेशी इतरांनाच आवर घालतात, काही थकून जातात. गाठीच्या पेशींवर पीडी-एल1 हे प्रथिनही अनेकदा आढळतं, तेही टी-पेशींवरच्या पीडी-1 ला चिकटून त्यांना थोपवतं. गर्दी आहे म्हणून गाठ विरघळत नाही. कुठलाही काढा किंवा पावडर हे चित्र पालटत नाही.

मग पीडी-1 ची साखळी तोडणारी महागडी इम्युनोथेरपी? सिस्प्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधाला दाद न देणाऱ्या 12 रुग्णांवर अमेरिकेत पेम्ब्रोलिझुमॅब या अशाच इम्युनोथेरपीची चाचणी झाली. 2018 मध्ये निकाल आला: एकाचीही गाठ लक्षणीय आकसली नाही. या आजारात खरी कलाटणी दिली ती सिस्प्लॅटिननेच. 1974 मध्ये इंडियानात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते वापरायला सुरुवात केली आणि पसरलेल्या रोगातूनही बहुसंख्य रुग्ण बरे होऊ लागले. ही औषधं नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालयासारख्या ठिकाणी मिळतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे.

राहिला लग्नाचा प्रश्न, ज्यापायी अनेक घरं गाठ लपवतात. एक वृषण काढलं तरी दुसरं निरोगी असेल तर संप्रेरक बहुधा पुरेसं तयार होतं, आणि मूलही होऊ शकतं. केमोथेरपीने शुक्रजंतू घटतात, म्हणून ती सुरू होण्याआधी वीर्य गोठवून ठेवण्याविषयी डॉक्टरांना स्वतःहून विचारावं.