एकाच चुलीवरची भावंडं

हृदयविकार घराण्यात असला, की आपण आधी स्वयंपाकघराकडे बोट दाखवतो. घराणं आणि घरचं जेवण हातात हात घालूनच पिढ्यान्‌पिढ्या उतरतात. त्यामुळे दोष रक्ताचा की चुलीचा, हे वरवर पाहून सुटत नाही. हृदयविकाराचा धोका वाढवणाऱ्या, रक्तातल्या लायपोप्रोटीन-ए या घटकाबाबत मात्र ते सुटलं आहे. १९६३ मध्ये नॉर्वेच्या कोरे बर्ग यांना सापडलेला हा घटक म्हणजे अपो-ए हे प्रथिन चिकटलेला, ‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या एलडीएलसारखा कण. अपो-एच्या जनुकात एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. पुनरावृत्ती जितकी जास्त तितकं प्रथिन मोठं, आणि यकृतातून ते रक्तात उतरण्याचं प्रमाण सहसा तितकं कमी.

या जनुकाची एक प्रत आईकडून मिळते, एक वडिलांकडून. त्यामुळे सख्ख्या भावंडांच्या सुमारे पाव जोड्यांत दोन्ही प्रती त्याच असतात, पाव जोड्यांत एकही नाही. ताट मात्र सगळ्यांचं एकच. टेक्सासमधल्या एरिक बोअरविंकल, हेलन हॉब्ज आणि सहकाऱ्यांनी ४८ गोऱ्या कुटुंबांत याचाच आधार घेतला. डीएनए कापून जेलवर चढवायचा, विजेच्या प्रवाहाची दिशा बदलत राहायची, म्हणजे लांबलचक तुकडेही वेगळे होतात. मग कोणत्या मुलाकडे कोणाची पट्टी आली ते जुळवायचं. १९९२ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष लख्ख आहे. दोन्ही प्रती समान असलेल्या भावंडांच्या पातळ्यांत सहसंबंध ०.९५, एकही समान नसलेल्यांत उणे ०.२३, म्हणजे साम्य नाहीच. एका ताटात जेवूनही!

पुनरावृत्तींच्या संख्येने सगळा फरक उलगडत नाही, हा आक्षेप खरा आहे. त्या अभ्यासात तिचा वाटा ६९ टक्के निघाला. पण उरलेल्यातला बराचसा फरकही त्याच जनुकातल्या इतर बदलांचा होता. गोऱ्या कुटुंबांचे आकडे आपल्याला जसेच्या तसे लावू नयेत, हेही मान्य. तरी आफ्रिकी-अमेरिकी कुटुंबांतही हेच जनुक प्रमुख ठरलं, आणि दक्षिण आशियाई लोकांत सरासरी पातळी युरोपीयांपेक्षा जास्त आढळते. म्हणजे आपल्याला हा प्रश्न अधिकच जवळचा. पथ्याने पातळी फारशी हलत नाही, मग मोजायची कशाला, असं कोणी विचारेल. मोजायची ती एलडीएल, रक्तदाब, तंबाखू हे हाताशी असलेले धोके वेळीच आवरण्यासाठी. आणि ‘दादाचा रिपोर्ट नॉर्मल आला’ म्हणून धाकटीने तपासणी टाळू नये, कारण तिच्याकडे आलेल्या दोन्ही प्रती वेगळ्या असू शकतात.