नव्या कंपनीचें नांव

वर्धा जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या मालकीच्या उत्पादक कंपन्या आतां ठिकठिकाणीं निघाल्या आहेत. कंपनी काढतांना भागभांडवल, गोदाम व यंत्रें यांचा विचार बारकाईनें होतो. नांव मात्र बहुधा अखेरच्या बैठकींत घाईनें ठरतें. वस्तुतः चोख मालाचा लौकिक नांवांतच सांठत जातो. तें नांव कायद्यानें आपलें नसेल, तर पीक आपलें व खळें दुसऱ्याचें अशी गत होते.

प्रथम हें समजून घ्यावें कीं, येथें दोन निरनिराळ्या नोंदी आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्याखालीं नांव मंजूर झालें म्हणजे तें २० दिवस राखून ठेवलें जातें व तेवढ्या मुदतींत पुढील कागदपत्र सादर करावे लागतात. परंतु या मंजुरीनें बाजारांतील हक्क मिळत नाहीं. तो १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याचा विषय होय. उलट, तशाच नांवाचें चिन्ह दुसऱ्या कोणाचें आधीं नोंदलेलें असल्यास तो कंपनी स्थापन झाल्यापासून ३ वर्षांच्या आंत तक्रार करूं शकतो. आणि सरकारचा हुकूम झाल्यास ३ महिन्यांत नांव बदलावें लागतें. मग छापलेलीं पोतीं, पाट्या व पावत्या सर्व वाया जातात.

लोखंडी नांगरामुळें शेतकऱ्यांस परिचित झालेलें किर्लोस्कर हें नांव या बाबतींत लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्या उद्योगसमूहाचीं व्यापारचिन्हें ‘किर्लोस्कर प्रोप्रायटरी लिमिटेड’ या स्वतंत्र कंपनीच्या मालकीचीं होतीं. ‘किर्लोस्कर डीझेल रिकॉन’ या कंपनीशीं नांवाबद्दल वाद उपस्थित झाला, तेव्हां १९९५ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें चिन्हधारक कंपनीच्या बाजूनें कौल दिला. आडनांव तेंच असलें तरी लोकांचा गैरसमज होईल असें नांव नव्या कंपनीस घेतां येत नाहीं, हा त्यांतील बोध होय.

गांवाच्या नांवाची गोष्ट निराळी. समुद्रपूर तालुक्यांतील वायगांवची हळद प्रसिद्ध असून २०१६ सालीं तिला भौगोलिक मानांकन मिळालें. हें नांव त्या टापूंतील सर्व उत्पादकांचें आहे. कोणा एका कंपनीची ती मिरास नव्हे. तेथील उत्पादकानें चेन्नई येथील नोंदणी कार्यालयांत अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद करावी, मानांकनाचें नांव पिशवीवर हक्कानें छापावें, आणि शेजारीं स्वतःच्या कंपनीचें वेगळें चिन्ह द्यावें. पहिलें नांव माल कोठला तें सांगतें, दुसरें माल कोणाचा तें.

नांव निवडतांना ‘शुद्ध’, ‘उत्तम’, ‘अस्सल’ असे मालाचे गुण सांगणारे शब्द टाळावे. ते सर्वांचे असल्यामुळें त्यांवर एकट्याचा हक्क सहसा मिळत नाहीं. १९४६ सालीं नोंदलेल्या खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाचें लांबलचक नांव किती गिऱ्हाइकांस ठाऊक असेल? ‘अमूल’ मात्र घरोघर पोंचलें आहे. असाच आटोपशीर व वेगळा शब्द शोधून तो कंपन्यांच्या व व्यापारचिन्हांच्या अशा दोन्ही सरकारी नोंदींत आधीं तपासावा. चिन्हाचा अर्ज मालाच्या वर्गाप्रमाणें करावा लागतो. मसाल्याची हळद ३० व्या वर्गांत, बियाणें व ताजी भाजी ३१ व्या, तर रुई २२ व्या वर्गांत मोडते. अर्ज व्यापारचिन्हांच्या पत्रिकेंत प्रसिद्ध झाल्यावर ४ महिन्यांपर्यंत त्यावर हरकत घेतां येते. नोंद १० वर्षांची असून पुढें दर १० वर्षांनीं ती नवी करून घ्यावी.

आणखी एक सूचना. चिन्ह अध्यक्षांच्या अथवा एखाद्या संचालकाच्या नांवें न नोंदतां कंपनीच्याच नांवें नोंदवावें. पदाधिकारी बदलतात, कधीं मतभेदही होतात. अशा वेळीं सर्व सभासदांच्या कष्टानें वाढलेलें नांव एका व्यक्तीच्या हातीं राहूं नये. शेताची हद्द कायम करून मगच बांध घालावा, हें आपणांस सांगावयास नको. नांवाच्या बाबतींतही तोच क्रम ठेवावा.